घसरणाऱ्या मोटारीचा जमाखर्च

अष्टविनायकांपैकी विघ्नेश्वराचे ओझर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी, येडगाव धरणाच्या पाण्याला लागून हे गाव आहे. देवळातून बाहेर पडून गावाच्या रस्त्याला लागलात, तर यात्रेकरूंच्या मोटारींबरोबर आणखी एक वर्दळ तुम्हाला दिसेल. ती म्हणजे टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या पिकअप गाड्यांची. नारायणगावचा टोमॅटो बाजार इथून जवळ आहे. काही माल ओतूरवरून माळशेज घाट उतरून कल्याणच्या दिशेने रातोरात मुंबईकडे जातो. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांना लागून शेतातली काळी माती डांबरावर येते, वर एक सर पडते, आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो.

या ओझरहून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या अकरावीच्या एका विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला. प्रश्न पुस्तकातला नव्हता, संगणकावरच्या मोटार-शर्यतीच्या खेळातला होता. या खेळांत मोटार वळणावर मुद्दाम घसरवून, शेपूट बाहेर फेकून, आडवी चालवण्याचा एक प्रकार असतो. त्याला ड्रिफ्ट म्हणतात. जितकी जास्त वेळ गाडी आडवी राहील तितके गुण जास्त.

तो म्हणाला, "सर, मागच्या चाकांवर चालणारी गाडी लगेच शेपूट फिरवती. पण चारही चाकांना इंजिन जोडलेली गाडी घेतली की ती ड्रिफ्टच होत नाही. नाक सरळ भिंतीवर जातं. असं का?"

मी घाईत होतो. म्हणालो, "अरे, चारही चाकांना ताकद म्हणजे पकड दुप्पट. ती घसरणार कशी?"

"मग सर, आमच्या पिकअपचं पण तसंच ना? दादानं जुनी फोर बाय फोर पिकअप घेतलीय. तो म्हणतो, आता घाटात पावसाची फिकीर नाही."

मी मान डोलावली आणि तासावर गेलो. फळ्यावर भलतेच काही लिहीत असताना माझे उत्तर मलाच टोचू लागले. पकड जर दुप्पट असेल, तर ती गाडी नाक सरळ भिंतीवर का नेते? पकड असलेली गाडी मुकाट्याने वळायला हवी! मुलाने जे पाहिले होते ते खरे होते. चुकीचे होते ते माझे उत्तर. आणि त्या चुकीच्या उत्तरावर विसंबून एक भरलेली पिकअप भर पावसात घाट उतरणार होती. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून मी म्हणालो, "काल मी सांगितले ते विसर. आपण पहिल्यापासून पाहू."

तुम्हीही आमच्याबरोबर पाहा.

टायर आणि रस्ता यांच्यामध्ये जे बल असते ते घर्षणाचे. मोटार पुढे पळते, थांबते किंवा वळते ती या एकाच बलामुळे. वारा आणि उतार सोडले तर मोटारीला ढकलणारे दुसरे काही नाही. या बलाला एक कमाल मर्यादा असते. चाकावरचा भार गुणिले घर्षणांक, एवढेच ते बल जास्तीत जास्त होऊ शकते. कोरड्या डांबरावर घर्षणांक सुमारे ०.८ धरू, ओल्या डांबरावर ०.५, चिखलाच्या थरावर ०.३. हे आकडे टायरप्रमाणे व रस्त्याप्रमाणे बदलतात, पण हिशोबाला एवढे पुरेत.

आता वळणाचा हिशोब करू. वर्तुळाकार मार्गावर फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे खेचणारे बल लागते, हे तुम्ही शिकला आहात. सपाट रस्त्यावर ते बल पुरवणार कोण? घर्षणच. दोन्ही बाजूंची जुळणी केली की वस्तुमान कटून जाते, आणि उरते ते असे: कमाल वेगाचा वर्ग = घर्षणांक × गुरुत्व त्वरण × वळणाची त्रिज्या. त्रिज्या ३० मीटर घ्या. कोरड्या रस्त्यावर ०.८ × ९.८ × ३० म्हणजे सुमारे २३५, वर्गमूळ १५.३ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर. ओल्या रस्त्यावर हाच आकडा ताशी ४४ किलोमीटर येतो. चिखलाच्या थरावर ताशी ३४.

हे सूत्र पुन्हा एकदा वाचा. त्यात इंजिनाची ताकद कुठे आहे? इंजिन किती चाकांना जोडले आहे हे कुठे आहे? नाहीच. ओल्या वळणावर ताशी ४४ किलोमीटरची मर्यादा दोन चाकांच्या गाडीला जेवढी, तेवढीच चार चाकांच्या गाडीला. (क्रेटांची उंच थप्पी असलेली पिकअप कोरड्या रस्त्यावर घसरण्याआधी कलंडूही शकते, तो हिशोब वेगळा.) थांबण्याच्या बाबतीतही तेच. ब्रेक सगळ्याच मोटारींना चारही चाकांवर असतात. तेव्हा ब्रेक लावताना फोर बाय फोरचा काडीचाही फायदा नाही.

मग फायदा कशात? ओढण्यात. चिखलात मागच्या दोन चाकांवर चालणारी गाडी फक्त मागच्या जोडीवर पडणाऱ्या भाराचा उपयोग करते. भार दोन्ही जोड्यांवर निम्मा निम्मा असेल तर ०.३ घर्षणांकावर तिचे त्वरण जास्तीत जास्त १.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग. चारही चाके ओढू लागली की तेच सुमारे ३. शेताच्या बांधावरून भरलेली गाडी रस्त्यावर काढायची असेल तर हा दुप्पट आकडा फार मोलाचा आहे. दादाने गाडी घेतली ती चुकीची नव्हती. पण शेतातून बाहेर काढणारी गाडी घाटात खाली उतरताना तशीच तारून नेईल हा अंदाज चुकीचा होता, आणि तो मीच पक्का करून दिला होता!

आता ड्रिफ्टकडे वळू. एक प्रयोग करा. साहित्य घरातलेच आहे. चाके सहज फिरणारी एक खेळण्यातली मोटार घ्या. किल्लीची नको, साधी. मीटरभर लांबीची गुळगुळीत फळी घ्या आणि एक टोक पुस्तकांवर टेकवून उतार करा. मोटारीची पुढची दोन चाके चिकटपट्टीने घट्ट बांधा, म्हणजे ती फिरणार नाहीत. मोटार नाक खाली करून सोडा. ती घसरत, पण सरळ खाली येईल. आता पुढची पट्टी काढून मागची दोन चाके बांधा आणि तशीच सोडा. मोटार थोडी खाली येईल न येईल तोच गर्रकन फिरेल, आणि शेपूट पुढे करून खाली येईल! मोटार घसरतच नसेल तर उतार आणखी वाढवा. आम्ही हा प्रयोग प्रयोगशाळेतल्या टेबलावर केला तेव्हा शेजारच्या वर्गातली मुलेही जमली होती.

असे का होते? फिरणारे चाक आडवे सरकायला विरोध करते. बांधलेल्या चाकाचे सगळे घर्षण मात्र सरकण्याच्या उलट दिशेला खर्ची पडलेले असते. आडवे सरकणे अडवायला त्याच्याकडे काही शिल्लक नसते. बाणाला पिसे मागच्या टोकाला का लावतात ते आठवा. मागचे टोक आडव्या हालचालीला विरोध करते म्हणून बाण सरळ जातो. पिसे पुढे लावलीत तर तो उलटा फिरेल. मोटारीची फिरणारी चाके ही तिची पिसे आहेत. पिसे मागे असली तर मोटार सरळ, पुढे असली तर मोटार उलटी.

या प्रयोगात ड्रिफ्टचे अर्धे शास्त्र आले. मागची जोडी आधी घसरली तर शेपूट बाहेर जाते. पुढची जोडी आधी घसरली तर नाक बाहेर जाते, स्टिअरिंग कितीही फिरवा. तेव्हा खरा प्रश्न मोटार घसरते की नाही हा नसून, दोन जोड्यांपैकी आधी कोणती घसरते हा आहे.

प्रत्येक जोडीकडे घर्षणाची एक थैली आहे असे समजा. वळणे हा एक खर्च, ओढणे किंवा थांबणे हा दुसरा. दोन्ही खर्च त्याच थैलीतून भागवायचे. मात्र हे खर्च काटकोनात आहेत, म्हणून ते साध्या बेरजेने मिळत नाहीत, पायथागोरसच्या प्रमेयाने मिळतात. कोरड्या रस्त्यावर थैलीत ७.८४ (म्हणजे ०.८ × ९.८) आहेत. आपल्या ३० मीटरच्या वळणावर ताशी ५० किलोमीटरने गेलात तर वळण्यासाठी ६.४ लागतात. शिल्लक १.४ नव्हे, तर ७.८४ चा वर्ग वजा ६.४ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४.५. आता वेग फक्त ताशी ४ किलोमीटरने वाढवा. वळण्यासाठी ७.५ लागतात आणि शिल्लक २.३ वर येते. वेग वाढला किंचित, शिल्लक झाली निम्मी. घसरणे एकाएकी झाल्यासारखे वाटते त्याचे कारण हेच.

आता मुलाचे कोडे सुटते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन फक्त मागची थैली रिकामी करते. वळणावर वेगवर्धक दाबला की मागची थैली संपते, शेपूट फिरते. चारही चाकांच्या गाडीत इंजिनाचा खर्च दोन्ही थैल्यांवर वाटला जातो. पण पुढच्या जोडीवर वळवण्याचे कामही आहे. अधिक वळावे म्हणून खेळणारा स्टिअरिंग आणखी फिरवतो, तिच्यावरचा बोजा आणखी वाढतो. बहुधा तिची थैली आधी संपते, आणि नाक सरळ भिंतीवर!

खेळातल्या यंत्रजुळणीचा सारा खटाटोप एवढ्यासाठीच असतो, की दिवाळे आधी मागच्या जोडीचे निघावे. फोर्झा मालिकेसारख्या खेळांत मोटारीच्या जुळणीचे एक पानच असते, आणि त्यावर सरकपट्ट्या असतात. मुलाने त्या आंधळेपणाने सरकवल्या होत्या. आम्ही एकेक समजून घेऊन सरकवल्या.

सर्वांत महत्त्वाची पट्टी मधल्या डिफरन्शियलची. इंजिनाचा किती टॉर्क मागे आणि किती पुढे हे ती ठरवते. ती मागच्या बाजूला ढकलून ८०-९० टक्के टॉर्क मागे दिला की गाडी जवळजवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसारखी वागते. मुलाने साहजिकच विचारले, "मग १०० टक्केच का नको?" त्याचे उत्तर पुढे येईल.

दुसरी पट्टी मागच्या डिफरन्शियलची. ही गोष्ट ओझरच्या मुलाला मी समजावायची गरज पडली नाही, त्यानेच मला समजावली. ट्रॅक्टरचे एक चाक चिखलात रुतले की ते एकटेच गरगर फिरते आणि दुसरे चाक कोरड्या जमिनीवर ढिम्म उभे राहते. डिफरन्शियल टॉर्क दोन्हीकडे सारखाच वाटते. सैल चाकाला जेवढा झेपेल तेवढाच दुसऱ्याला मिळतो. मग चालक पायाने डिफरन्शियल लॉक दाबतो, दोन्ही चाके एकमेकांना जखडली जातात, आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. वळणावरही तसेच. आतल्या बाजूच्या चाकावरचा भार कमी होतो, ते एकटेच फिरू लागते आणि बाहेरचे चाक पकड धरून बसते. ड्रिफ्टसाठी दोन्ही मागची चाके एकदम सुटायला हवीत. म्हणून मागचे डिफरन्शियल जवळजवळ पूर्ण जखडायचे. पुढचे मात्र बरेच सैल ठेवायचे, नाहीतर नाक वळत नाही.

तिसरी गोष्ट जरा सूक्ष्म आहे, पण मला स्वतःला ती सर्वांत आवडली. डाव्या व उजव्या चाकांना जोडणारा एक वाकवलेला पोलादी दांडा असतो, त्याला अँटिरोल बार म्हणतात. वळणावर मोटार बाहेरच्या बाजूला कलते, ते तो कमी करतो. मागचा दांडा ताठ केला की मागची पकड कमी होते! ताठ दांड्याने पकड वाढायला हवी असे वाटते ना? गंमत अशी, की टायरचा घर्षणांक पूर्ण स्थिर नसतो. भार वाढला की तो किंचित घटतो. समजा, दोन चाकांवर प्रत्येकी ३००० न्यूटन भार आहे आणि घर्षणांक ०.८, एकूण पकड ४८०० न्यूटन. आता दांडा ताठ असल्यामुळे कलण्याचा बराच भार याच जोडीवर आला; आतल्या चाकावर १००० व बाहेरच्यावर ५००० न्यूटन झाले. घर्षणांक अनुक्रमे ०.८५ आणि ०.७२ धरा. पकड झाली ८५० अधिक ३६००, म्हणजे ४४५० न्यूटन. भाराची बेरीज तीच, पकड मात्र ३५० न्यूटनने घटली. पाठ्यपुस्तकात घर्षणांक भारावर अवलंबून नसतो असे आपण शिकवतो. लाकडाच्या ठोकळ्याला ते पुष्कळसे लागू पडते. रबराला तितकेसे नाही. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर वापरावे.

टायरमधल्या हवेचा दाब, चाकांचा कल, स्प्रिंगांचा ताठरपणा या पट्ट्यांनी बारीकसारीक फरक पडतात. गिअर मात्र असा हवा, की एकाच गिअरमध्ये सबंध वळण काढता यावे. मध्येच बदलला तर मागच्या चाकांचे फिरणे क्षणभर थांबते आणि गाडी सरळ होते. आणि चार चाके फिरवायची तर इंजिनही दणकट लागते. बाकीचे सोडा.

जुळणी झाली, आता चालवणे. मागची जोडी सोडवण्याचे तीन-चार मार्ग आहेत, आणि ते सगळे आपल्या फळीवरच्या प्रयोगातून किंवा थैलीच्या हिशोबातून निघतात. हॅण्डब्रेक ओढणे म्हणजे मागची चाके चिकटपट्टीने बांधणे. (चारही चाके एकमेकांना जखडलेली असतील तर हॅण्डब्रेक पुढच्या चाकांनाही अडवतो; म्हणून रॅलीच्या मोटारींत हॅण्डब्रेक ओढताच मागची जोडी सुटी होण्याची सोय असते.) दुसरा मार्ग, वळणात शिरताना वेगवर्धकावरून पाय उचलून ब्रेकला स्पर्श करणे. १२०० किलोग्रॅमची मोटार घ्या. दोन्ही जोड्यांवर प्रत्येकी ५८८० न्यूटन भार. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, दोन जोड्यांमधले अंतर अडीच मीटर. ५ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतका मंदावा आला की १२०० गुणिले ५ गुणिले ०.५ भागिले २.५, म्हणजे १२०० न्यूटन भार मागून पुढे सरकतो. पुढची थैली फुगते, मागची आटते, शेपूट हलते. तिसरा मार्ग, आधी वळणाच्या उलट दिशेला नाक फिरवून मग झटकन वळणात टाकणे. झोक्याला आधी मागे नेतो तसेच ते. उत्तर युरोपातले रॅली-चालक हा मार्ग फार वापरत.

शेपूट सुटल्यावर काय? वळण डावीकडे आहे असे समजा. मोटारीचे नाक वळणाच्या आत, शेपूट उजवीकडे बाहेर. आता स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचे! पाहणाऱ्याला हे वेड्यासारखे वाटते. पण मोटार नाकाच्या दिशेने जातच नाही, ती तिरकी जात आहे. पुढची चाके प्रत्यक्ष गतीच्या दिशेकडे वळवून ठेवली, तरच ती फिरती राहतात आणि त्यांची पकड टिकते. चाकाची दिशा आणि चाकाच्या प्रत्यक्ष गतीची दिशा यांमधल्या कोनाला सर्पणकोन म्हणू या. हा कोन शून्यापासून वाढवत नेला तर आडवी पकडही वाढते. कोरड्या डांबरावर साधारण सात-आठ अंशांच्या आसपास ती कमाल होते, आणि त्यापुढे हळूहळू घटते. ड्रिफ्टमध्ये मागची चाके या शिखराच्या पलीकडे असतात, पुढची अलीकडे.

आणि इथेच १०० टक्के टॉर्क मागे का द्यायचा नाही याचे उत्तर आहे. पुढच्या चाकांना थोडा टॉर्क असेल, तर ती ज्या दिशेला वळलेली आहेत त्या दिशेला, म्हणजे रस्त्याच्या पुढच्या भागाकडे, मोटारीला ओढतात. मागची जोडी शेपूट फिरवते आहे आणि पुढची जोडी हात धरून पुढे नेते आहे, असा हा प्रकार. त्यामुळे मोटार उलटी फिरत नाही आणि वेगही टिकतो. चार चाकांचा ड्रिफ्ट उथळ कोनाचा, पण वेगवान असतो.

१९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी कंपनीने क्वाट्रो ही चारही चाकांवर चालणारी मोटार मांडली. पुढच्या वर्षी ती जागतिक रॅली स्पर्धेत उतरली, आणि त्याच वर्षी मिशेल मूतों ही फ्रेंच महिला ती चालवून सान रेमोची रॅली जिंकली. जागतिक स्पर्धेतली रॅली जिंकणारी ती पहिली महिला. सैल खडीच्या रस्त्यावर घसरणे टळत नाही. मग ओढणे आणि घसरणे दोन्ही एकाच वेळी करणारी मोटार जिंकणारच. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये सौदी अरेबियाच्या वाळवंटात डकार क्लासिक स्पर्धेत लँड क्रूझर घेऊन उतरले होते. खेळांमध्ये १९९४ साली आलेल्या सेगा रॅलीत डांबर व माती यांवर मोटार वेगवेगळी वागे, आणि त्यातल्या सेलिका व डेल्टा या मोटारी चार चाकांवरच चालणाऱ्या होत्या.

संगणकाला हे सगळे कळते कसे? त्याला फक्त बेरीज-गुणाकार येतात. तो सेकंदाचे शेकडो तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यात चारही चाकांचा भार काढतो, सर्पणकोन काढतो, त्यावरून बल काढतो, बलावरून त्वरण, त्वरणावरून नवा वेग, वेगावरून नवी जागा. मग पुढचा तुकडा. न्यूटनचा दुसरा नियम, दुसरे काही नाही. सर्पणकोनावरून बल काढण्यासाठी हॉलंडमधल्या डेल्फ्ट येथील प्राध्यापक हान्स पासेइका यांनी व्होल्वोच्या अभियंत्यांबरोबर १९८७ साली एक सूत्र प्रसिद्ध केले. प्रयोगात मिळालेल्या वक्राला ते इतके छान बसते, की त्याला जादूचे सूत्र असेच नाव पडले. टायर असा का वागतो हे ते सांगत नाही. कसा वागतो ते सांगते. मोटारींचे अभियंते ते वापरतात, आणि अनेक खेळांतही ते किंवा त्याचे सोपे रूप असते.

म्हणूनच मुलाला मी एक काम दिले. त्याच्या मामेभावाच्या संगणकावर, खेळात पाऊस लावून, एकच मोटार एकदा मागच्या चाकांवर आणि एकदा चारही चाकांवर चालवायची. वळण तेच, टायर तेच. वेग जवळपास कायम ठेवून वळणात शिरायचे, आणि कोणत्या वेगाला गाडी रस्ता सोडते ते लिहायचे. प्रत्येकी दहा वेळा. त्याने वहीत आकडे मांडून आणले. दोन्ही सरासऱ्यांमध्ये ताशी एक-दोन किलोमीटरचाच फरक होता, आणि तोही कधी इकडे तर कधी तिकडे. वळण संपल्यावर वेग घेण्यात मात्र चार चाकांची गाडी दर वेळी पुढे होती.

ती वही त्याने दादाला दाखवली. दादा खेळ खेळत नाही. आकडे त्याने वाचले, काही बोलला नाही, आणि बाहेर जाऊन पिकअपच्या टायरांवरून हात फिरवून आला. चारही टायर गुळगुळीत होत आले होते. पैसे दोन टायरांपुरतेच होते. ते पुढे बसवायचे, असे त्याचे म्हणणे. स्टिअरिंग पुढे असते ना! मुलगा आत गेला आणि फळी, पुस्तके, खेळण्यातली मोटार व चिकटपट्टी घेऊन ओट्यावर आला. दादाने मोटार तीनदा सोडून पाहिली. मग नारायणगावच्या दुकानात त्याने विचारले, तर टायरवाल्यानेही तेच सांगितले: दोनच नवे घ्यायचे असतील तर मागे.

नवे टायर मागे बसले. पुढचे दोन टोमॅटोचा हंगाम संपल्यावर घेतले. मधल्या काळात पिकअप घाटातून चारदा गेली. दादा म्हणतो, वळणांवर ताशी ३० च्या वर काटा गेला नाही.

मुलगा अजून ड्रिफ्ट करतो, संगणकावर. त्याची मधली पट्टी आता ८५ टक्क्यांवर आहे.